रोमचे रिंगण

इटलीची राजधानी रोम या शहराच्या मध्यभागी एक प्रचंड भग्न वास्तू उभी आहे. तिचा आकार लंबवर्तुळाकार असून लांबी १८८ मीटर व रुंदी १५६ मीटर आहे. तिच्या भिंतींचा बराचसा भाग भूकंपांत कोसळला. कोसळलेले दगड पुढील पिढ्यांनी वाडे आणि देवालये बांधण्यासाठी उचलून नेले. तथापि जो भाग शिल्लक आहे, तो आजही सुमारे ४८ मीटर उंच आहे आणि त्याच्या कमानींच्या रांगांकडे मान वर करून पाहणारा प्रवासी थक्क होऊन जातो. ही वास्तू म्हणजे कोलोसियम.

सम्राट व्हेस्पेशियन याने तिच्या बांधकामास आरंभ केला आणि इ. स. ८० मध्ये त्याचा पुत्र टायटस याने तिचे उद्घाटन केले. सुमारे ५०,००० माणसे एकाच वेळी बसू शकतील अशी तिची रचना होती. आत येण्यासाठी ८० कमानी होत्या व त्यांपैकी ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते. ज्याने त्याने आपल्या क्रमांकाच्या कमानीतून आत शिरावे, नेमलेला जिना चढावा आणि नेमलेल्या जागी बसावे. त्यांतील काही आकडे अजूनही दगडावर स्पष्ट वाचता येतात. ऊन तापू लागले की वरच्या कडेला उभारलेल्या खांबांवरून कापडाचे अवाढव्य छत ताणले जाई आणि त्या कामासाठी आरमारातील खलाशी ठेवलेले असत. शिडे ओढण्याचा सराव त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास असणार?

इतकी सोय, इतके कौशल्य आणि इतका खर्च ज्या मध्यभागासाठी केला, तो मध्यभाग म्हणजे लाकडी फळ्यांचे एक रिंगण होते. त्या फळ्यांवर वाळू पसरलेली असे. वाळूला लॅटिन भाषेत 'हॅरेना' म्हणत आणि त्यावरूनच पुढे युरोपातील अनेक भाषांत अशा रिंगणाला 'अरीना' हे नाव पडले. वाळू पसरण्याचे कारण साधे होते. वाळू रक्त शोषून घेते.

रोमन लोकांत ही प्रथा कोलोसियमच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती आणि रोम शहरात तिचा प्रवेश करमणूक म्हणून नव्हे, तर अंत्यविधी म्हणून झाला. इ. स. पू. २६४ मध्ये ब्रूटस पेरा नावाच्या एका सरदाराचे निधन झाले, तेव्हा त्याच्या पुत्रांनी पित्याच्या सन्मानार्थ गुरांच्या बाजारात तीन जोड्यांची शस्त्रयुद्धे घडवून आणली. त्या शहरातील अशा झुंजीची ही पहिली नोंद होय. मृताविषयी पार पाडावयाचे ते एक कर्तव्य मानले गेले व म्हणून अशा झुंजींना 'म्यूनस', म्हणजे कर्तव्य किंवा देणगी, असे नाव पडले. परंतु जमलेल्या लोकांना शोकापेक्षा झुंजच अधिक आवडली. एका सरदाराने तीन जोड्या उतरविल्या, तर दुसरा मागे कसा राहील? जोड्यांची संख्या वाढत चालली. इ. स. पू. ६५ मध्ये जूलियस सीझर याने आपल्या पित्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ ३२० जोड्या झुंजविल्या. पित्याच्या निधनाला त्या वेळी वीस वर्षे होत आली होती! स्मरण पित्याचे, पण लक्ष मते देणाऱ्या लोकांकडे, हे न ओळखण्याइतके रोमन नागरिक भोळे नव्हते. पुढे सम्राटांचे राज्य आले, तेव्हा तर संख्येला सीमाच राहिली नाही. ट्रेजन याने डेशिया देश जिंकल्यानंतर जो उत्सव केला, तो १२३ दिवस चालला आणि त्यात सुमारे १०,००० योद्धे रिंगणात उतरले, असे डिओ कॅशियस हा इतिहासकार लिहितो.

तलवारीला लॅटिन भाषेत 'ग्लॅडियस' असा शब्द आहे. त्यावरून या योद्ध्यांना 'ग्लॅडिएटर' म्हणू लागले. ते सारेच एका पद्धतीने लढत नसत. कोणी मोठी ढाल व सरळ तलवार घेई, कोणी लहान ढाल व वाकडी तलवार घेई. सर्वांत विलक्षण तो जाळेवाला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे, हाती ढाल नसे. कोळ्यासारखे एक जाळे, एक त्रिशूळ आणि एक खंजीर एवढ्यावर तो लढे. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या योद्ध्याचे शिरस्त्राण अंड्यासारखे गुळगुळीत असे, म्हणजे जाळे त्यात अडकत नसे. आणि डोळ्यांपुढे केवळ दोन लहान भोके असत, म्हणजे त्रिशूळाचे टोक आत शिरत नसे. एकाच्या अंगावर भार कमी, म्हणून चपळाई अधिक. दुसऱ्याला संरक्षण अधिक, पण दम लवकर लागावयाचा. जोडी अशी हिशेबाने लावलेली असे.

हे योद्धे येत तरी कोठून? रोमच्या सैन्याने जिंकलेल्या देशांतून युद्धकैदी येत. धनिकांनी विकलेले गुलाम येत. काही गुन्हेगारांना न्यायाधीश तीच शिक्षा सांगत. आणि आश्चर्य असे की, कर्जाने गांजलेले किंवा कीर्तीसाठी आसुसलेले काही स्वतंत्र नागरिकही आपण होऊन या धंद्यात शिरत. शिरताना त्यांना शपथ घ्यावी लागे : चटके सोसावे लागले, बेड्या पडल्या, फटके बसले, शस्त्राने प्राण गेला, तरी तक्रार करणार नाही. ही शपथ घेतली की नागरिकाची प्रतिष्ठा संपली. त्याला पुढे सार्वजनिक अधिकारपद मिळत नसे. भिंतींवर त्याचे नाव कोरावे, दिव्यांवर आणि भांड्यांवर त्याचे चित्र काढावे, मुलांनी त्याच्या झुंजीचा खेळ करावा. पण त्याला आपल्या पंक्तीस मात्र बसवू नये, अशी रोमन समाजाची रीत होती.

ग्लॅडिएटरांच्या तालमी असत आणि तालमीचा मालक त्यांना भाड्याने देई. हा व्यवहार कसा चाले, हे गायस नावाच्या दुसऱ्या शतकातील एका कायदेपंडिताच्या ग्रंथावरून समजते. त्याने एक प्रश्न चर्चेला घेतला आहे. समजा, करार असा झाला की, झुंजीतून धडधाकट परत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे २० दिनार द्यावे आणि मेलेल्या किंवा कायमच्या जायबंदी झालेल्या प्रत्येक माणसामागे १,००० दिनार द्यावे. तर या व्यवहाराला भाडे म्हणावे की विक्री म्हणावे? पंडितांनी निर्णय दिला की, परत आलेल्यांपुरते ते भाडे आणि न आलेल्यांपुरती ती विक्री. बैल किंवा गाडी यांविषयी बोलावे, त्याच शांतपणाने ही चर्चा केलेली आहे.

मात्र या हिशेबामुळेच ग्लॅडिएटरांचे प्राण पुष्कळदा वाचत. माणूस मेला की झुंजी देणाऱ्या यजमानाला पन्नासपट रक्कम मोजावी लागे आणि वर्षानुवर्षे शिकवून तयार केलेला योद्धा तालमीलाही सहजासहजी गमवावासा वाटत नसे. म्हणून त्यांच्या अन्नाची आणि औषधपाण्याची काळजी घेतली जाई. जव आणि कडधान्ये हा त्यांचा मुख्य आहार. त्यावरून लोक त्यांना थट्टेने 'जवखाऊ' म्हणत. गेलन हा प्राचीन काळातील सुप्रसिद्ध वैद्य तरुणपणी, इ. स. १५७ पासून काही वर्षे, आशिया मायनरमधील पर्गामम या गावी ग्लॅडिएटरांचाच वैद्य होता आणि त्यांच्या जखमा बऱ्या करता करताच मानवी शरीराविषयीचे आपले पुष्कळसे ज्ञान त्याने मिळविले. तुर्कस्तानातील एफेसस येथे १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांचे एक स्मशान सापडले. तेथील हाडांवर त्रिशूळाच्या आणि तलवारीच्या खुणा आहेत, पण पुष्कळ हाडे मोडून पुन्हा उत्तम सांधलेलीही आहेत. कोणी तरी ती हाडे काळजीपूर्वक बसविली होती.

सिसिली बेटात सापडलेल्या एका समाधिलेखात फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचा सारा जन्म आकड्यांत मांडलेला आहे. तो सीरियाचा राहणारा. आयुष्य ३० वर्षे. झुंजी ३४, त्यांपैकी २१ जिंकल्या, ९ बरोबरीत सुटल्या आणि ४ वेळा हरूनही त्याला जीवदान मिळाले. तो दगड त्याच्या डेलिकेटस नावाच्या सहकाऱ्याने बसविला. ज्या तालमीत आजचा सोबती उद्या समोर तलवार घेऊन उभा राहण्याचा संभव, तेथेही मैत्री होत असे, हे त्या दगडावरून कळते.

हरलेला योद्धा बोट वर करून जीवदान मागे. मग निर्णय यजमानाच्या हाती असे आणि यजमान प्रेक्षकांचा कल पाही. अंगठा खाली म्हणजे मृत्यू, हा समज मुख्यतः जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८७२ मध्ये काढलेल्या एका चित्रामुळे जगभर पसरला. कोलोसियमच्या उद्घाटनाच्या उत्सवात प्रिस्कस आणि व्हेरस या दोघांची झुंज झाली, तिचे वर्णन मार्शल या कवीने केले आहे. दोघेही तोलामोलाचे. बराच वेळ गेला तरी कोणी हरेना. लोक दोघांनाही सोडून देण्याविषयी ओरडू लागले. परंतु कोणी तरी शरण यावे, तोवर झुंज चालावी, असा नियम टायटसनेच घातला होता. शेवटी दोघेही एकदमच शरण आले. तेव्हा सम्राटाने दोघांनाही विजयाची ताडपत्रे दिली आणि दोघांनाही लाकडी तलवारी दिल्या. लाकडी तलवार म्हणजे मुक्ततेची खूण. ज्याला ती मिळाली, त्याने पुन्हा रिंगणात उतरण्याचे कारण नव्हते.

सर्वांनीच अशी वाट पाहिली नाही. इ. स. पू. ७३ मध्ये कॅपुआ येथील तालमीतून सत्तरांहून अधिक ग्लॅडिएटर पळाले. त्यांचा पुढारी स्पार्टाकस. पळताना हाती शस्त्रे नव्हती, म्हणून त्यांनी मुदपाकखान्यातील सुरे आणि मांस भाजण्याच्या सळया उचलल्या. व्हेसुव्हियस पर्वतावर रोमन सैन्याने कोंडले असता रानवेलींच्या शिड्या करून ते कड्यावरून खाली उतरले आणि बेसावध सैन्यावर तुटून पडले. हजारो गुलाम त्यांना येऊन मिळाले. दोन वर्षे त्यांनी रोमच्या फौजांना सळो की पळो करून सोडले. इ. स. पू. ७१ मध्ये क्रॅससने त्यांचा पराभव केला आणि पकडलेल्या ६,००० लोकांना कॅपुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेला क्रुसावर चढविले. तो रस्ता सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा होता.

उत्सवाच्या दिवसाची वाटणी पुढे ठरून गेली होती. सकाळी पशूंच्या झुंजी आणि शिकारी होत. त्यांसाठी आफ्रिकेतून सिंह, चित्ते आणि हत्ती येत. वाघ मात्र दुर्मिळ. रोमन लोकांनी वाघ पहिल्यांदा पाहिले, ते इ. स. पू. २० च्या सुमारास भारतातून ऑगस्टस सम्राटाकडे गेलेल्या एका शिष्टमंडळाने भेट म्हणून नेले तेव्हा. तिसऱ्या प्रहरी ग्लॅडिएटरांची मुख्य झुंज असे. आणि मधल्या वेळी, भर दुपारी, प्रतिष्ठित मंडळी जेवावयास उठून गेली असता, गुन्हेगारांना देहांत शिक्षा दिली जाई.

ज्या रोमने जगाला कायद्याचे शास्त्र दिले, त्याच रोमची ही शिक्षापद्धती होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आज गुन्हेगाराला तुरुंगात ठेवतात. रोममध्येही तुरुंग होता, पण तो शिक्षेसाठी नव्हता. खटल्याचा निकाल लागेपर्यंत किंवा वधाचा दिवस येईपर्यंत माणसाला अडकवून ठेवण्याची ती जागा होती. मग शिक्षा उरल्या कोणत्या? दंड, फटके, हद्दपारी, खाणीतील जन्माची मजुरी आणि मृत्यू. त्यांतील कोणती शिक्षा कोणाला, हे केवळ गुन्ह्यावर ठरत नसे; गुन्हेगार कोण, यावरही ठरे. प्रतिष्ठिताला हद्दपारी, तर त्याच अपराधाबद्दल गरिबाला खाण. एकाला तलवारीने झटपट मृत्यू, तर दुसऱ्याला क्रूस किंवा हिंस्र पशू. काही गुन्हेगारांना ग्लॅडिएटरांच्या तालमीत पाठवीत. ही त्यातल्या त्यात सौम्य शिक्षा. कारण तीन वर्षे जिवंत राहिला तर त्याला लाकडी तलवार मिळू शके आणि पाच वर्षांनी स्वातंत्र्यही मिळू शके. पशूंपुढे टाकलेल्याला अशी कोणतीही आशा नव्हती.

रोमन नागरिकाला क्रुसावर चढवू नये, असा संकेत होता. सिसिलीचा सुभेदार व्हेरस याने (प्रिस्कसशी झुंजलेला व्हेरस तो हा नव्हे) गाव्हियस नावाच्या माणसाला भर चौकात फटके मारविले. प्रत्येक फटक्याबरोबर गाव्हियस आपण रोमन नागरिक असल्याचे सांगत होता, दुसरा शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता. तरीही त्याला क्रुसावर चढविण्यात आले आणि तेही समुद्रापलीकडील इटलीचा किनारा त्याला दिसावा अशा जागी. इ. स. पू. ७० मध्ये सिसरोने व्हेरसवर खटला चालविला आणि त्या खटल्यासाठी लिहिलेल्या भाषणांत या प्रसंगाविषयी हळहळ व्यक्त केली. नागरिक होता म्हणून ही हळहळ. त्याच सुमारास क्रुसावर गेलेल्या गुलामांसाठी कोणी खटला भरला नाही.

शिक्षा चारचौघांत द्यावी, म्हणजे इतरांना वचक बसेल, असा या सर्वांमागील विचार होता. पण वचक बसविता बसविता शिक्षेचे नाटक झाले. सेल्यूरस नावाचा एक लुटारू सिसिलीतील एटना पर्वताच्या परिसरात धुमाकूळ घालीत असे आणि स्वतःला एटनाचा पुत्र म्हणवीत असे. त्याला पकडून रोमला आणले, तेव्हा चौकात एटना पर्वताचा उंच देखावा उभारला, त्याच्या शिखरावर त्याला बसविले, आणि ठरल्या वेळी तो देखावा कोसळून लुटारू थेट खाली ठेवलेल्या पशूंच्या पिंजऱ्यात पडला. स्ट्रेबो या भूगोलकाराने हा प्रकार स्वतः पाहिला. अशी युक्ती योजणारा कारागीर हुशार असला पाहिजे, यात शंका नाही.

वचक मात्र बसला नाही. इ. स. २०६ च्या सुमारास, सेप्टिमियस सेव्हेरस याच्या राज्यात, बुला फेलिक्स नावाच्या दरोडेखोराने सहाशे माणसांच्या टोळीनिशी दोन वर्षे खुद्द इटलीत लूट चालविली. त्याचे दोन साथीदार पकडले गेले आणि त्यांना पशूंपुढे टाकण्याचे ठरले. बुला अधिकाऱ्याचा वेष घेऊन तुरुंगाच्या रखवालदाराकडे गेला, आपल्याला अमुक अमुक प्रकारचे कैदी हवे आहेत असे सांगितले आणि दोघांनाही घेऊन निघून गेला! त्याच्या मागावर असलेल्या एका सेनाधिकाऱ्यालाच त्याने फसवून पकडले आणि निरोप देऊन परत पाठविले. निरोपाचा आशय असा : मालकांना सांगा, आपल्या गुलामांना पोटभर खाऊ घाला, म्हणजे ते दरोडेखोर होणार नाहीत. पुढे बुला पकडला गेला. त्याला पशूंपुढे टाकण्यात आले.

मरणाची शिक्षा झालेल्यांचा सर्वांत मोठा खेळ इ. स. ५२ मध्ये झाला. रोमच्या पूर्वेस डोंगरांच्या कुशीत फ्युसिनस नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. त्याचे पाणी काढून जमीन लागवडीस आणावी, म्हणून क्लॉडियस सम्राटाने डोंगरातून बोगदा खणविला. ३०,००० मजूर ११ वर्षे खपत होते, असे स्वेटोनियस सांगतो. बोगदा उघडण्यापूर्वी त्या सरोवरावर सम्राटाने नौकायुद्धाचा खेळ मांडला. एक आरमार सिसिलीचे, दुसरे ऱ्होड्सचे असे समजावयाचे. आणि दोन्हींवरील लढवय्ये म्हणजे शिक्षा झालेले कैदी. त्यांची संख्या १९,००० होती, असे टॅसिटसने नमूद केले आहे. कोणी पळून जाऊ नये, म्हणून सभोवार तराफ्यांवर सैनिक उभे केले होते. काठावर, टेकड्यांवर, डोंगरउतारांवर माणसांची दाटी झाली होती.

युद्ध सुरू होण्यापूर्वी त्या कैद्यांनी सम्राटाला वंदन केले. मरावयास निघालेले आम्ही तुला नमस्कार करीत आहोत, अशा अर्थाचे ते वंदन होते. पुढे कथा-कादंबऱ्यांनी हे वंदन प्रत्येक ग्लॅडिएटरच्या तोंडी घातले. पण त्याची नोंद आहे ती याच प्रसंगाची आणि याच कैद्यांची. क्लॉडियस काही तरी विनोदाने उत्तरला; मराल किंवा न मराल, असे काहीसे. कैद्यांनी त्याचा अर्थ लावला की, सम्राटाने आपल्याला क्षमा केली! त्यांनी लढण्यास साफ नकार दिला.

क्षणभर त्या अफाट समुदायापुढे काहीच घडेना. सारे नौकायुद्ध जागच्या जागी थांबले. क्लॉडियस संतापला, सर्वांना जाळून, कापून काढावे असेही त्याच्या मनात आले. अखेर तो आसनावरून उठला आणि लंगडत लंगडत सरोवराच्या काठाने धावू लागला. कोणाला धाक घाली, कोणाला चुचकारी. शेवटी कैदी लढले. गुन्हेगार असूनही ते शूरांसारखे लढले, असे टॅसिटस म्हणतो. पुष्कळ रक्त सांडल्यावर उरलेल्यांना मरण माफ करण्यात आले. ज्याला सम्राटाच्या तोंडचा एक शब्द क्षमा वाटला, त्याला ती मिळाली, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा प्राण घेतल्यानंतर. ते सरोवर आता नाही. एकोणिसाव्या शतकात ते पूर्णपणे आटविण्यात आले आणि तेथे शेती होऊ लागली.

हे सर्व पाहणाऱ्या सहस्रावधी लोकांचे अंतःकरण कसे होते? ते जन्मतःच निष्ठुर नव्हते. इ. स. पू. ५५ मध्ये पाँपे याने हत्तींची शिकार मांडली, तेव्हा जखमी हत्तींचा आक्रोश ऐकून लोकांना भरून आले आणि या प्राण्यांचे माणसाशी काही नाते आहे अशी भावना त्यांच्या मनात उत्पन्न झाली, असे सिसरोने एका पत्रात लिहिले आहे. दया होती, पण ती कोणासाठी उपजेल याचा नेम नव्हता.

सेनेका हा तत्त्वज्ञ एकदा दुपारच्या वेळी खेळ पाहावयास गेला. काही हास्यविनोद पाहून मन रमवावे, असा त्याचा विचार होता. पाहतो तो, कैद्यांना ना शिरस्त्राण, ना ढाल. एकाने दुसऱ्याला मारावे, मग त्या जिंकलेल्याला तिसऱ्याने मारावे. सुटका कोणाचीच नाही. आणि कौशल्याच्या झुंजीपेक्षा हेच लोकांना अधिक आवडत होते! पत्रात ही हकीकत लिहिताना सेनेका एका काल्पनिक प्रेक्षकाशी वाद घालतो. प्रेक्षक म्हणतो की, हा मनुष्य लुटारू होता, त्याने खून केला होता. सेनेका त्याला विचारतो, त्याने खून केला म्हणून तो हे भोगण्यास पात्र ठरला. पण हे पाहत बसण्याची वेळ तुझ्यावर यावी, असा तू कोणता अपराध केलास? त्या गर्दीतून घरी परतलो तो अधिक क्रूर होऊनच परतलो, अशी कबुलीही त्याने दिली आहे. तो वाद घालण्याइतका धीट होता, पण हाच सेनेका सम्राट नीरोचा गुरू होता, हेही विसरता येत नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अलिपियस नावाचा एक तरुण कायद्याचा अभ्यास करण्यासाठी रोमला आला. त्याला या खेळांचा तिटकारा होता. एके दिवशी जेवून परतणाऱ्या मित्रांनी त्याला वाटेत गाठले आणि हसत-खिदळत ओढून कोलोसियममध्ये नेले. त्याने त्यांना बजावले की, माझे शरीर तुम्ही नेऊ शकाल, मन नेऊ शकणार नाही. तो जागेवर बसला आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. रिंगणात काय चालले आहे ते त्याने पाहिले नाही. इतक्यात कोणी तरी योद्धा पडला आणि सारे प्रेक्षागार एकदम गरजले. तो आवाज मात्र त्याला अडविता आला नाही. काय झाले एवढेच पाहावे आणि पुन्हा डोळे मिटावे, असे म्हणून त्याने डोळे उघडले. आणि मग ते मिटले नाहीत. तोही इतरांसारखा ओरडू लागला. पुढच्या वेळी तो आपण होऊन गेला, आणि एकटा गेला नाही. दुसऱ्यांना ओढून घेऊन गेला. त्याचा मित्र ऑगस्टीन याने आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत सांगितली आहे. अलिपियस पुढे या व्यसनातून सुटला आणि धर्मगुरू झाला. पण त्याला पुष्कळ काळ लागला.

या प्रथेचा शेवटही एका दिवसात झाला नाही. कॉन्स्टंटाइन सम्राटाने इ. स. ३१५ च्या सुमारास हुकूम काढला की, तालमीत किंवा खाणीत पाठविलेल्या गुन्हेगारांच्या तोंडावर खुणा गोंदू नयेत. हातांवर, पोटऱ्यांवर गोंदावयास हरकत नाही, पण मनुष्याचा चेहरा विद्रूप करू नये. इ. स. ३२५ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकले : शांततेच्या काळात रक्तपाताचे खेळ शोभत नाहीत, तेव्हा गुन्हेगारांना ग्लॅडिएटर न करता खाणीत पाठवावे. खाणीतही माणसे मरतच. एवढेच की, तेथे प्रेक्षक नसत. हुकूम निघाला तरी झुंजी चालूच राहिल्या. होनोरियसच्या राज्यात टेलेमेकस नावाचा पूर्वेकडील एक संन्यासी रिंगणात उतरून दोन योद्ध्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, तेव्हा खेळ मोडल्याच्या रागाने प्रेक्षकांनी त्यालाच दगडांनी ठेचून मारले; आणि त्यानंतर सम्राटाने झुंजी बंद केल्या, असे थिओडोरेट या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पशूंच्या शिकारी मात्र त्यानंतरही शंभर वर्षे होत राहिल्या. कोलोसियममधील शिकारीची शेवटची नोंद इ. स. ५२३ ची आहे.

त्यानंतर रिंगणातील फळ्या कुजून गेल्या, वाळू वाऱ्याने उडाली. फळ्यांखाली पशू आणि माणसे ठेवण्याच्या ज्या अंधाऱ्या खोल्या होत्या, त्या आता उघड्या पडल्या आहेत आणि प्रवासी वरून त्यांत डोकावून पाहतात. रात्री या भग्न भिंतींवर पांढरा प्रकाश सोडलेला असतो. १९९९ च्या डिसेंबरात तेथे एक नवी प्रथा सुरू झाली. जगाच्या पाठीवर कोठेही एखाद्या कैद्याची देहांत शिक्षा रद्द झाली, किंवा एखाद्या देशाने ती शिक्षाच कायद्यातून काढून टाकली, की कोलोसियमवरचा प्रकाश पांढऱ्याचा सोनेरी करावयाचा.